आपले दुःख कोणाच्या वहीत जाते?

वही-पेन घेऊन, आता तर टॅब घेऊन, कोणी दारात उभे राहिले की आपल्या वस्तीत आधी सतरंजी टाकली जाते. मग पाणी, मग चहा. आलेला माणूस शिकलेला आहे, लांबून आला आहे, आपली विचारपूस करतो आहे, एवढ्यावरच आपण विरघळतो. घरात माणसे किती, पाणी कुठून आणता, संडास आहे का, इथपर्यंत ठीक असते. पण कधी कधी प्रश्न पुढे सरकतात. नवरा मारतो का? किती वेळा? मुलगा गेला ती रात्र आठवते का? अजून स्वप्नात येतो का? उत्तर देता देता बाईचा आवाज बसतो, पदर डोळ्यांना लागतो, आणि समोरचा पुढच्या चौकटीत खूण करतो. पाऊण तासाने तो ‘धन्यवाद मावशी’ म्हणून उठतो. तो कोणत्या संस्थेचा होता, कशासाठी आला होता, असे नंतर विचारले तर घरात कोणालाच सांगता येत नाही.

आम्ही आंबवड्याचे. भोर तालुक्यातल्या, झुलत्या पुलाच्या आंबवड्याचे. (बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले, नाव सारखे असल्याने पाहुण्यांचा नेहमी घोटाळा होतो.) या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही नेहमीचे रक्तदाब-साखर बाजूला ठेवून या दारातल्या वहीबद्दल लिहीत आहोत. आमचे मत आधीच सांगून टाकतो. आघात सोसलेल्या माणसांचा अभ्यास व्हायला हवा आणि आपल्या माणसांनी त्यात बोलायलाही हवे. मात्र आपण बोलतो तेव्हा आपण काहीतरी देत असतो. देणाऱ्याने आपल्या अटी घालाव्यात आणि घेणाऱ्याने त्या पाळाव्यात.

आघात म्हणजे नुसते वाईट वाटणे नव्हे. दरड, भूकंप, आग, चेंगराचेंगरी, बलात्कार, जातीय हल्ला, घरातली रोजची मारहाण, जवळच्या माणसाची आत्महत्या, यांतून वाचलेल्या माणसाचे शरीर पुढे कित्येक वर्षे सावध राहते. झोप मोडते, छाती धडधडते, जरा मोठा आवाज झाला तरी दचकायला होते. असे होणे हे दुबळेपण नाही. अशा माणसाला त्या दिवसाबद्दल विचारणे म्हणजे खपली असलेल्या जागी बोट ठेवणे आहे. डॉक्टरही बोट ठेवतो, पण तो आधी सांगतो, हळू ठेवतो आणि नंतर पट्टी बांधतो.

आपल्याकडून मांढरदेवीचा डोंगर लांब नाही. २५ जानेवारी २००५ रोजी काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आग होऊन तीनशेच्या आसपास माणसे गेली. पुढे न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला गेला. अशा घटनेनंतर माणसाला चार-पाच तऱ्हेचे लोक प्रश्न विचारतात. पोलीस विचारतात, तहसीलदार पंचनाम्यासाठी विचारतात, आयोग विचारतो, पत्रकार विचारतो, आणि कधी विद्यापीठातून कोणी अभ्यासक येतो. ओट्यावर बसलेल्या माणसाला हे सगळे सारखेच दिसतात. सगळ्यांच्या हातात कागद असतो आणि सगळे ‘साहेब’ असतात. पण कायद्याने त्यांच्यात मोठा फरक आहे. न्यायालय किंवा चौकशी आयोग बोलावतो तेव्हा जावे लागते. संशोधकाला उत्तर देण्याचे बंधन कोणावरही नाही. ‘नको’ म्हटल्याने रेशन बंद होत नाही, घरकुलाच्या यादीतून नाव जात नाही, दवाखान्यातले उपचार थांबत नाहीत. तसे होईल अशी नुसती शंका जरी माणसाच्या मनात असली, तरी त्याच्या ‘हो’ला अर्थ राहत नाही. म्हणून ही शंका स्वतःहून दूर करणे हे संशोधकाचे पहिले काम आहे. मदतीची यादी करणाऱ्याच माणसाने सर्वेक्षणाचा अर्ज पुढे केला, तर तो अर्ज आम्ही मोकळ्या मनाची संमती मानणार नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाची खरी ओळख किल्लारीने करून दिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे दगडामातीच्या भिंतींखाली गेली. दहा हजारांच्या जवळपास माणसे मेली. त्याआधी आपल्या राज्यात आपत्तीचा हिशोब म्हणजे मेलेले किती, घरे पडली किती, जनावरे किती. जिवंत राहिलेल्याच्या मनाचे काय झाले, हा रकानाच नव्हता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेमार्फत भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करवला. डॉ. मोहन आगाशे तेव्हा त्या संस्थेचे संचालक होते. आपण त्यांना सिनेमातले म्हणून ओळखतो, पण ते मुळात मनोविकारतज्ज्ञ. पुढे २००९ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपत्तीनंतरच्या मानसिक आधाराबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यामागे भोपाळ, किल्लारी, ओडिशाचे चक्रीवादळ, भूज, त्सुनामी या सगळ्या ठिकाणच्या माणसांनी दिलेली उत्तरे आहेत. आज दरड कोसळल्यावर पोत्यांबरोबर समुपदेशकही पाठवला पाहिजे असे निदान कागदावर तरी लिहिलेले आहे, ते त्यांच्यामुळे. कोणीच विचारले नसते आणि कोणीच सांगितले नसते, तर हा रकाना आजही कोरा असता. ‘गरिबाला दुःखाची सवय असते’ हे जुने वाक्य खोडून काढायलाही पुरावाच लागतो.

किल्लारीची दुसरी एक गोष्ट आम्हांला जास्त महत्त्वाची वाटते. पुनर्बांधणीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बाया ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या केल्या. घराचे काम कुठवर आले, पैसे कुठे अडले, अधिकारी काय सांगतो, हे त्याच गावच्या, तोच भूकंप सोसलेल्या बाया विचारत आणि लिहीत. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा लातूरकडच्या काही बाया तिकडे जाऊन तिथल्या बायांशी बोलल्या. ज्यांना लोक ‘भूकंपग्रस्त’ म्हणून मोजत होते, त्या स्वतः जाणकार म्हणून दुसऱ्या राज्यात गेल्या. अभ्यासाचा विषय असणे आणि अभ्यासात वाटा असणे, यांतला फरक यापेक्षा सोपा करून सांगता येणार नाही.

आता उलट बाजू. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री गॅस सुटला. सरकारी संशोधन लगेच सुरू झाले. त्यातून काही चांगलेही झाले. साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मनाचे आजार ओळखायला शिकवणारी पुस्तिका भोपाळसाठी तयार झाली. पण परिषदेने आपले अभ्यास १९९४ मध्ये गुंडाळले आणि त्या दहा वर्षांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध व्हायला २००४ साल उजाडले. ज्यांची फुप्फुसे तपासली, ज्यांचे रक्त घेतले, त्यांतले किती जण तोवर गेले असतील! एवढ्यावर थांबले नाही. गॅसपीडितांसाठी म्हणून उभारलेल्या भोपाळ मेमोरियल रुग्णालयात २००४ नंतरच्या काही वर्षांत नव्या औषधांच्या चाचण्या झाल्या आणि त्यांत गॅसपीडित रुग्णही होते. आपल्यावर चाचणी चालली आहे हे आपल्याला कळलेच नाही, अशी तक्रार रुग्णांनी आणि त्यांच्या संघटनांनी केली. चाचण्यांच्या काळात काही रुग्ण दगावलेही. उपचारासाठी रांगेत उभा असलेला माणूस पुढे केलेल्या कागदावर सही करतोच. त्या सहीला संमती म्हणणे ही फसवणूक आहे.

जगात हे आपल्यासारख्यांच्याच वाट्याला आले आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे १९३२ पासून सुमारे ६०० गरीब काळ्या पुरुषांवर सरकारी आरोग्य खात्याने अभ्यास चालवला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. तुमचे रक्त बिघडले आहे, आम्ही उपचार करतो, असे त्यांना सांगितले जाई. पेनिसिलीन मिळू लागल्यावरही ते त्यांना दिले नाही, कारण उपचाराशिवाय रोग कसा वाढतो हे पाहायचे होते. चाळीस वर्षे हे चालले. १९७२ च्या जुलैमध्ये वर्तमानपत्रांतून ते बाहेर आले. त्याच वर्षी त्याच काळ्या लोकांच्या लढ्यातून नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये, तेव्हा त्यांतले मोजकेच जिवंत होते. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यानंतर १९४७ मध्येच न्यूरेंबर्गची संहिता लिहिली गेली होती आणि माणसाची स्वेच्छेची संमती हे तिचे पहिलेच कलम होते. तरी टस्कीगी पंचवीस वर्षे पुढे चालूच राहिले. आमच्या मते याचे कारण सरळ आहे. संहिता डॉक्टरांच्या कपाटात होती. ती त्या शेतमजुरांना माहीत नव्हती. म्हणून आपल्याकडचे नियम आपल्या घरात माहीत हवेत.

ते नियम आहेत आणि चांगले आहेत. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्ये माणसांवरील संशोधनासाठी राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे नव्याने काढली. त्यांत आपत्तीच्या काळातील संशोधनावर वेगळे प्रकरण आहे. त्याही आधी, २००० साली, मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने आरोग्याच्या सामाजिक संशोधनासाठी नैतिक तत्त्वे तयार झाली होती. याबाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता. या सगळ्याचा घरगुती अर्थ असा की, कोणताही अभ्यास सुरू होण्याआधी नैतिकता समितीने तो तपासलेला असला पाहिजे. या समितीत डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारा आणि सामान्य माणसांतून घेतलेला सदस्यही असावा लागतो, आणि अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असतो. माहितीचा कागद आपल्या भाषेत हवा. वाचता येत नसेल तर तो मोठ्याने वाचून दाखवला पाहिजे, आणि त्या वेळी संशोधकाच्या बाजूचा नसलेला साक्षीदार जवळ हवा. मध्येच थांबता येते. ‘या प्रश्नाचे उत्तर देत नाही’ असे म्हणता येते. दिलेली माहिती परत मागता येते. संशोधनामुळे इजा झाली तर उपचार त्यांनी करायचे असतात.

पैशाबद्दल आपले लोक लाजतात. लाजू नये. तुमच्यासाठी कामाचा खाडा झाला असेल तर तो भरून मागणे योग्य आहे, गाडीभाडेही योग्य आहे. पण पैसा इतका मोठा असू नये की केवळ पैशासाठी नको ते सांगायला बसावे लागेल. एवढे भान दोन्ही बाजूंनी ठेवायचे.

घरातल्या हिंसेबद्दलच्या अभ्यासाचे मात्र वेगळे आहे आणि इथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण इथे चुकीचा प्रश्न जिवावर बेतू शकतो. सासू पलीकडे भाकरी थापते आहे, दीर दारात मोबाईल पाहतो आहे, आणि ताई विचारते, ‘नवरा हात उचलतो का?’ ती ताई संध्याकाळच्या एसटीने जाईल, पण रात्र या बाईला त्याच घरात काढायची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच यासाठी सूचना दिल्या आहेत. मुलाखत पूर्ण एकांतात व्हावी. एका घरातल्या एकाच बाईला हे प्रश्न विचारावेत. बाहेर अभ्यासाचे नाव ‘स्त्रियांचे आरोग्य’ असे साधेच सांगावे, म्हणजे घरात संशय येत नाही. मध्ये कोणी आले तर लगेच पाळीबद्दल, बाळंतपणाबद्दल साधे प्रश्न सुरू करावेत. विचारणारी शिकवून तयार केलेली असावी, आणि बाईला मदत हवी असेल तर तिला कुठे पाठवायचे हे तिला आधीच माहीत असावे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ यांनी २००० साली ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. हिंसा सोसणाऱ्या बाईला सरकारी दवाखान्यातच आधार मिळावा, हा त्याचा विचार. आधी दार उघडे करावे, मग प्रश्न विचारावा, असा हा क्रम आहे. आमच्या गावातल्या बाईला मदतीसाठी कुठे जायचे ते सांगता येत नसेल, तर मारहाणीचा प्रश्न विचारूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इथे कोणी म्हणेल, मग आघाताबद्दल विचारणेच बंद करावे. तसे नाही. अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे की, नीट विचारले तर बहुतेकांना बोलल्याचा पस्तावा होत नाही. काहींना तर कोणीतरी ऐकले याचेच बरे वाटते. थोड्या जणांना मात्र जास्त त्रास होतो, आणि त्यांच्यासाठीच तर सगळी काळजी घ्यायची आहे. आणखी एक समजूत काढून टाकायला हवी. ‘सगळे एकदाचे बोलून टाक, मोकळी होशील’ असे आपण मायेने म्हणतो. ताज्या आघातानंतर माणसाला एका बैठकीत सगळे खोदून सांगायला लावणे फायद्याचे नसते, असे आता तज्ज्ञ सांगतात. आधी सुरक्षित जागा, जेवण, आपली माणसे. बोलणे त्याच्या सवडीने.

मुलांबद्दल दोन गोष्टी. सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची तयारी विचारावी लागते. आई-बापाची सही पुरत नाही. आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट मुलाने किंवा मुलीने सांगितली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ऐकणाऱ्याला ती पोलिसांना कळवावीच लागते. त्यामुळे ‘तू सांगितलेले कुणालाही कळणार नाही’ असे वचन मुलांना देणारा संशोधक खोटे बोलतो आहे. हे आधी सांगणे हाच प्रामाणिकपणा.

आपल्या समाजाला सर्वांत जवळचा प्रश्न अत्याचाराच्या खटल्यांचा आहे. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसे मारली गेली. सुरुवातीला फारशी दखलही न घेतलेले ते प्रकरण पुढे आले, कारण माणसे गावात गेली, त्यांनी विचारले, लिहून घेतले. सत्यशोधन नसते तर आपल्याला न्यायाची मागणीही करता आली नसती. पण जिवंत राहिलेल्या भैयालाल भोतमांगे यांना २०१७ मध्ये डोळे मिटेपर्यंत तीच कहाणी किती जणांना, किती वेळा सांगावी लागली असेल, याचाही विचार आपण करायला हवा. पुढाऱ्यांनी, पत्रकारांनी, पदवीसाठी आलेल्या विद्यार्थ्यांनी. त्यांत आपलेही लोक आले. एकाच घरात दहा समित्यांनी जाण्यापेक्षा एकीने जावे आणि तिची नोंद बाकीच्यांनी वाचावी. कायद्याचा मुद्दा वेगळाच आहे. खटला चालू असताना संशोधकाला सांगितलेले शब्द त्याच्या वहीत राहतात, आणि न्यायालयाने मागितले तर त्याला ती वही द्यावी लागू शकते. तारखेत, वेळेत, नावात फरक पडला तर समोरचा वकील तेवढेच धरून बसतो. म्हणून अॅट्रॉसिटीची केस चालू असेल तर आधी आपल्या वकिलाला विचारा, मग बोला. खरा अभ्यासक निकालापर्यंत थांबेल.

बाबासाहेब स्वतः अशा चौकशीत प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला बसलेले आहेत. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. १९२९ मध्ये त्या कामाहून परतताना ते चाळीसगावला उतरले. टांगेवाले अस्पृश्याला नेईनात, म्हणून वस्तीतल्या नवख्या माणसाने टांगा हाकला, अपघात झाला आणि पायाचे हाड मोडले. हा अनुभव त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिला. काय सांगायचे, किती सांगायचे, कुणासाठी सांगायचे, हे त्यांनी ठरवले. आमची अपेक्षा एवढीच आहे की हा अधिकार मांगदरीच्या किंवा रमाबाई नगरच्या बाईलाही असावा.

शेवटी परत येण्याबद्दल. माहिती घेऊन गेलेला माणूस परत येत नाही, ही आपल्या वस्त्यांची जुनी तक्रार आहे. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला गोळीबारात दहा जण गेले. त्यावर आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे काम करून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट केला आणि तो वस्त्या-वस्त्यांत नेऊन दाखवला. ते काही वैज्ञानिक संशोधन नव्हे, पण विद्यापीठांनी त्यातून एवढे तरी घ्यावे. अहवाल इंग्रजी मासिकात छापा, हरकत नाही. पण त्यातले चार पाने मराठीत लिहून विहारात येऊन वाचून दाखवा. आमच्याबद्दल चुकीचे लिहिले असेल तर आम्हांला ते तोंडावर सांगता आले पाहिजे. गावाचे नाव छापायचे की नाही, तेही विचारा. लहान गावात ‘एक विधवा, वय ४२, दोन मुली’ एवढे लिहिले तरी ती कोण ते सगळ्यांना कळते.

तेव्हा पुढच्या वेळी दारात कोणी आले तर सतरंजी टाकाच, चहाही द्या. मग कागद मागा. त्यावर संस्थेचे नाव, मुख्य संशोधकाचे नाव, नैतिकता समितीच्या मंजुरीचा क्रमांक आणि तक्रारीसाठी दूरध्वनी असतो. एक प्रत आपल्याकडे ठेवायची असते. रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. आवाज ध्वनिमुद्रित करणार का, ती फाईल कोण ऐकणार, कधी पुसणार, हे विचारा. आणि बोलून गेल्यावर रात्री झोप येईना, जुने सगळे वर आले, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे, दिवस-रात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.